चष्मा काढल्यावर दिसलेला बिबट्या

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून बिबट्या येतो. म्हणजे सीसीटीव्हीतला. आरेजवळ १७ वर्षं राहूनही मी त्याला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. त्यामुळे फोर्टातल्या एका छोट्या गॅलरीत कुणीतरी अगदी तसलाच, फुटक्या व्हिडिओतला बिबट्या लाकडात केलाय असं मैत्रिणीनं सांगितलं, तशी शनिवारी निघालेच.

आरे जेव्हीएलआरला मेट्रो ३ मध्ये बसा आणि हुतात्मा चौकाला उतरा. तिथून काळा घोडा चालत जवळच.

शिल्प म्हणजे काडेपेटीहून लहान सागवानी ठोकळे, प्रत्येकाला एकच करडी छटा. जवळ गेलं की बिबट्या गायब, नुसते ठोकळे. मागून फिरून आले, तरी तेच. शेवटी दारावरचे काका म्हणाले, "मॅडम, चष्मा काढून बघा." काढला. ठोकळ्यांच्या कडा विरघळल्या आणि मान वळवलेलं जनावर समोर उभं! मोबाइलमध्येही ते लगेच जमून येतं, म्हणून बहुतेक मंडळी मोबाइलमधूनच बघत होती.

ठिपके मात्र एकही नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवरून बिबटे ओळखतात ते ठिपक्यांच्या नक्षीवरूनच. डाव्या आणि उजव्या कुशीची नक्षीसुद्धा सारखी नसते. आमच्या सीसीटीव्हीत नेमकं तेच पुसलं जातं. मागच्या पावसाळ्यात दोन गल्ल्यांतले दोन व्हिडिओ आले, तर 'दोन आलेत' म्हणून आम्ही आठवडाभर मुलांना खाली सोडलं नव्हतं. एकच असेल कदाचित!

जाणार असाल तर संध्याकाळकडे जा, खिडकीतलं ऊन तिरपं झालं की ठोकळ्यांच्या सावल्या पडतात. जिना अरुंद आहे, मोठी बॅग नको. शेजारी जहांगीर आर्ट गॅलरी ११ ते ७ उघडी, तिकीट नाही. तिथली प्रदर्शनं साधारण मंगळवारी बदलतात. जवळचं एनजीएमए, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, सोमवारी बंद.

रविवारी पाड्यावरच्या भाजीवाल्या मावशींना फोटो दाखवला. त्यांच्याकडे वाघोबाला शेंदूर लावतात, म्हटलं त्यांना आवडेल. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. "डोळा कुठंय गं याचा?" मीही शोधला. कुठला ठोकळा डोळ्याचा, ते मलाही सापडेना.