जर्मनीत दातांचा दवाखाना निवडताना आधी कागद बघा

जर्मनीतल्या मराठी गटांवर "कुणी चांगला डेंटिस्ट सुचवा" हा प्रश्न सतत येतो. उत्तरंही ठरलेली: अमक्याला छान इंग्रजी येतं, तमक्याला गूगलवर पाच स्टार आहेत. इंग्रजी येणं सोयीचं असतं, पण त्यावरून काम कसं आहे ते कळत नाही. इथे दवाखान्याची पारख होते ती उपचाराआधी तुमच्या हातात काय लेखी पडतं त्यावरून.

सुरुवात पाटीपासून. 'आल्ले कासेन' असेल तर टेके, आओके, बारमर असा कुठलाही सार्वजनिक विमा चालतो. 'प्रिवाटप्राक्सिस' असेल तर बिल तुमच्याच नावाने फाटतं. डॉक्टरांच्या नावापुढे 'फाखत्सानआर्ट्स्ट' असेल तर ती मिळवलेली विशेषज्ञ पदवी आहे. 'टेटिगकाइट्सश्वेरपुंक्ट' म्हणजे त्या कामावर भर आहे, एवढंच.

पहिल्या तपासणीत हिरड्यांकडे लक्ष देतात का ते पाहा. त्यासाठी एक बारीक सळई असते. टोकाला अर्ध्या मिलिमीटरचा गोल मणी आणि वर ३.५ ते ५.५ मिलिमीटरपर्यंत काळा पट्टा. तोंडाचे सहा भाग करून ती दात आणि हिरडीच्या मधे अलगद फिरवतात. पट्टा अर्धवट झाकला गेला तर आकडा ३, पूर्ण नाहीसा झाला तर ४, म्हणजे हिरडी खोलवर सुटलेली. ही तपासणी दर दोन वर्षांनी विम्यात बसते. आकडे नोंदवून तुम्हाला सांगणारा डॉक्टर भरवशाचा वाटतो. नुसतं आरशाने तोंड बघून थेट 'त्सानराइनिगुंग'ची, म्हणजे पैसे भरून करायच्या सफाईची, तारीख देणाऱ्याला कारण विचारा. वर्षातून एकदा दातांवरचा खडा काढणं विम्यातच येतं.

फिलिंगचं गणित आता बदललं आहे. १ जानेवारी २०२५ पासून युरोपीय संघात अमाल्गमवर, म्हणजे पारा मिसळलेल्या चंदेरी फिलिंगवर, बंदी आहे. पुढच्या दातांना कंपोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) आणि दाढांना स्वतःहून चिकटणारं साधं मटेरियल विम्यात मिळतं. त्याहून भारी हवं असेल तर वरचा फरक तुमचा. त्या फरकाचा करार लेखी आणि उपचार सुरू होण्याआधी व्हायला हवा. भूल दिल्यावर, ओठ जड झालेला असताना कागद पुढे केला, तर सही करू नका.

कॅपसाठी 'हाइल-उंड-कोस्टनप्लान', म्हणजे उपचार आणि खर्चाचा आराखडा, निघतो. त्यात दाताची आजची अवस्था, विम्याच्या हिशेबात पुरेसा असलेला उपचार (रेगेलफेरझोर्गुंग) आणि डॉक्टर प्रत्यक्षात करणार तो उपचार, अशा तीन गोष्टी असतात. दुसरी आणि तिसरी शेजारी ठेवून वाचा. खालच्या उजव्या पहिल्या दाढेला, म्हणजे ४६ नंबरला, विम्याच्या हिशेबात साधी धातूची कॅप पुरते. दाताच्या रंगाचा मुलामा, मधल्या दातापासून मोजलं तर, वरच्या जबड्यात पाचव्या दातापर्यंत आणि खालच्या जबड्यात चौथ्या दातापर्यंतच धरला जातो. बरेच जण इथेच फसतात, कारण विम्याचे ६०% तुमच्या बिलावर नसतात, त्या साध्या उपचाराच्या ठरलेल्या खर्चावर असतात. समजा तो खर्च ४०० युरो धरला आणि तुमच्या सिरॅमिक कॅपचं बिल ९०० आलं, तर २४० विम्याचे आणि ६६० तुमचे. पाच वर्षं सलग वार्षिक तपासणीचा शिक्का 'बोनुसहेफ्ट' या तपासण्यांच्या नोंदवहीत असेल तर ७०%, दहा वर्षं असेल तर ७५%. म्हणून दुखत नसलं तरी पहिल्याच वर्षी शिक्का घ्या.

खासगी दरात फी ठरलेल्या मूळ दराला एका गुणकाने गुणून निघते. हा गुणक २.३ च्या वर गेला तर बिलात लेखी कारण द्यावं लागतं, ३.५ च्या वर जायचं तर आधी लेखी करार लागतो. मंजूर आराखडा सहा महिने चालतो, त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला वेळ असतो. एक्स-रे आणि नोंदींच्या प्रती मागणं हा तुमचा हक्क आहे. ते मागितल्यावर चेहरा पाडणाऱ्या दवाखान्यात पुन्हा जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत.

डिसेंबरच्या सुट्टीत पुण्यात जाऊन कॅप बसवून येण्याचा विचार बरेच जण करतात. खर्च वाचतो, हे खरं. पण इथल्या विम्यात केलेल्या फिलिंगला आणि कॅपला डॉक्टरांची दोन वर्षांची हमी असते. तिकडे बसवलेली कॅप फेब्रुवारीत हलायला लागली, तर इथला डॉक्टर ती नव्याने केलेलं काम म्हणूनच धरेल. रूट कॅनल आणि कॅप दोन्ही असतील तर दोन आठवड्यांची घाई दाताला झेपेलच असं नाही.

भारतातून येताना जुना ओपीजी (संपूर्ण जबड्याचा) एक्स-रे आणि रूट कॅनलच्या तारखा आणा. इम्प्लांट असेल तर त्याच्या पाकिटावरचं स्टिकर जपून ठेवा: कंपनी, व्यास, लांबी. एका कंपनीच्या स्क्रूचा पाना दुसरीच्या स्क्रूला चालेलच असं नाही. पाच वर्षांनी स्क्रू ढिला झाला आणि कंपनीच माहीत नसेल, तर कुठला पाना लागेल ते डॉक्टरांना अंदाजाने शोधत बसावं लागतं.