सल्ला मागताना काम समोर ठेवा

नोकरीत किंवा व्यवसायात पुढे जायचं तर मेंटॉर, म्हणजे अनुभवी मार्गदर्शक हवा, हे आता बहुतेकांना पटलेलं आहे. तरीही यातली बरीच नाती दोन-तीन भेटींतच आटतात. सहसा दोष कुणाचाच नसतो. भेटीत करिअरबद्दल भरपूर बोलणं होतं, पण प्रत्यक्ष काम समोर नसतं. आपण आपल्या कामाचं जे वर्णन करतो त्यावरून समोरचा सल्ला देतो, आणि खरी अडचण नेमकी त्या वर्णनातून निसटलेली असते.

शल्यविशारद अतुल गवांदे यांनी २०११ मध्ये याबद्दल लिहिलं होतं. अनेक वर्षं शस्त्रक्रिया केल्यावर त्यांनी आपल्या एका निवृत्त शिक्षकांना ऑपरेशन थिएटरमध्ये येऊन नुसतं पाहायला सांगितलं. शिक्षकांनी टिपलेल्या गोष्टी बारीक होत्या: दिव्याचा झोत जखमेवरून सरकला होता, मधूनच कोपर खांद्याइतकं वर जात होतं. काम करणाऱ्याला या गोष्टी दिसतच नाहीत, मग तो त्या सांगणार कशा?

मेंटॉर आणि कोच यांच्याकडून अपेक्षा वेगळ्या ठेवाव्यात. मेंटॉर त्याच वाटेने पुढे गेलेला असतो, त्यामुळे क्षेत्राचे कुठेही न लिहिलेले नियम त्याला ठाऊक असतात. कोचला तुमचं क्षेत्र माहीत असेलच असं नाही. तो प्रश्न विचारतो आणि सराव करून घेतो. कोचिंगवर लिहिणाऱ्या जॉन व्हिटमोर यांच्यामुळे प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रो’ (GROW) पद्धतीत चार पायऱ्या आहेत: ध्येय, सद्यस्थिती, पर्याय, निर्धार. चुकतं ते दुसऱ्या पायरीवर. ध्येय ठरलं की लोक थेट पर्यायांवर उडी मारतात. ‘सध्या नक्की काय घडतंय, किती वेळा, कुणासमोर?’ यावर चांगला कोच अर्धं सत्र घालवतो, आणि ते योग्यच आहे.

मेंटॉर शोधताना सर्वांत वरच्या माणसाकडे जाऊ नका. तुमच्यापेक्षा दोन-तीन पायऱ्या पुढे असलेल्याला तुमच्या जागेवरच्या अडचणी अजून आठवत असतात. स्वतःचा बॉस शिकवू शकतो, पण तोच तुमचं अप्रेझल लिहितो. त्याच्यापुढे कच्चं काम ठेवायला हात धजत नाही. ‘माझे मेंटॉर व्हाल का?’ हा प्रश्न तर टाळाच. त्यात केवढी जबाबदारी येते हे समोरच्याला कळत नाही. त्यापेक्षा ३० मिनिटं मागा आणि एकच प्रश्न न्या. त्यासोबत एक काम, म्हणजे प्रस्ताव, अहवाल, कोड किंवा सादरीकरणाचं रेकॉर्डिंग, दोन दिवस आधी पाठवा. भेटीनंतर त्याच दिवशी चार ओळी लिहून कळवा: काय समजलं, काय करणार, कधीपर्यंत. पुढची भेट ‘मागच्या सल्ल्याचं काय झालं’ इथून सुरू करा. सल्ला फसला असेल तर तेही सांगा. ज्येष्ठांचा रस टिकतो तो यामुळे. मेंटॉरसाठी महिना-दीड महिन्याचं अंतर पुरतं. एखादी सवय बदलायची असेल तर कोचसोबत पंधरा दिवसांपेक्षा जास्त खंड नको.

अभिप्राय मागताना विशेष काळजी घ्यावी. क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. अभिप्रायाने कामगिरी सरासरीने सुधारली, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा ती उलट घसरली. त्यांचं स्पष्टीकरण असं, की लक्ष कामावरून ‘मी कसा आहे’ याकडे वळलं की अभिप्रायाची ताकद कमी होते. म्हणून ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. ‘कोणत्या स्लाइडपाशी तुमचं लक्ष उडालं?’ असं विचारा.

पैसे देऊन कोच नेमताना एक लक्षात ठेवा: कोच ही पाटी कुणीही लावू शकतो. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या स्तराच्या प्रमाणपत्राला किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो, तर सर्वोच्च स्तराला २,५०० तासांचा अनुभव. प्रमाणपत्र म्हणजे हमी नव्हे, तेव्हा एक चाचणी सत्र घ्याच. फी कंपनी भरत असेल, तर सत्रातलं काय कंपनीला कळवलं जाईल हे आधी लेखी ठरवून घ्या. हे राहून गेलं की माणूस जपून बोलतो आणि पैसे वाया जातात.

दोन मेंटॉर परस्परविरोधी सल्ला देतात, तेव्हा कोण बरोबर याचा विचार करत बसू नका. ‘तुम्ही हे केलंत तेव्हा परिस्थिती काय होती?’ हे दोघांनाही विचारा. उत्तरांतला फरक बहुधा काळाचा किंवा संस्थेच्या आकाराचा निघतो, आणि कुणाची परिस्थिती तुमच्या जवळची हे तिथेच दिसतं.

असं नातं कधी तरी संपणार, हेही गृहीत धरा. संशोधक कॅथी क्रॅम यांनी १९८३ मध्ये या नात्याचे चार टप्पे मांडले, आणि वेगळं होणं हा त्यातला रीतसर तिसरा टप्पा आहे. भेटींत नवे प्रश्न उरले नाहीत, तर भेटी लांबवत राहण्याऐवजी तसं मोकळेपणानं सांगा, कशाचा उपयोग झाला ते नेमकं कळवा आणि नियमित भेटी थांबवा. क्रॅम यांच्या चौथ्या टप्प्यात हेच दोघे बरोबरीच्या नात्याने पुन्हा बोलू लागतात.