अर्जातली ती चौकट

यंदा बऱ्याच वर्षांनी चवथीला गोव्यातल्या साखळी गावी घरी आले. पडवीत माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या फळाफुलांच्या आराशीचं, सामान पसरलं होतं: ओल्या सुपाऱ्यांचे घड, आंबाडे, तवशी. आणि कोपऱ्यात माझी भाची लॅपटॉप घेऊन बसली होती. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. झाली, आता इंग्लंडमध्ये पीएच.डी.साठी अर्ज भरतेय. मी तिथल्याच एका वैद्यकीय संशोधन संस्थेत काम करते, म्हणून एकेक रकाना मला वाचून दाखवत होती.

एका चौकटीपाशी ती थांबली. ‘मुलाखतीसाठी तुम्हाला काही सोय हवी आहे का?’

“आत्या, हे खरंच विचारतात?”

तिच्या डाव्या कानात श्रवणयंत्र आहे. गेल्या वर्षी आपल्याकडच्या एका प्रयोगशाळेत मुलाखतीला गेली, तेव्हा तिने केस मोकळे सोडून ते झाकलं होतं. मुख्य परीक्षक कागदात डोकं घालून बोलत होते. ओठ दिसेनात, दोन प्रश्न निसटले, तिने भलतंच उत्तर दिलं. मागाहून कानावर आलं ते एवढंच: मुलगी हुशार आहे, पण गोंधळलेली वाटते. ती गोंधळलेली नव्हती. तिला ऐकू आलं नव्हतं. हे मला आजही सहन होत नाही.

तिकडची माणसं जात्याच मोठ्या मनाची आहेत असं समजू नका. बदल झाला तो बराचसा नियमांनी आणि पैशांनी. विज्ञानातल्या स्त्रियांच्या बढतीसाठी तिथे २००५ साली ‘अथीना स्वान’ नावाची सनद सुरू झाली. आपल्याकडे किती बायका आहेत, कुठल्या पायरीवर गळतात, हे विद्यापीठांनी स्वतःच मोजायचं आणि सुधारणा दाखवून दर्जा मिळवायचा. सुरुवातीला बऱ्याच जणांनी मनावर घेतलं नाही. मग २०११ मध्ये इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांनी जाहीर केलं की बायोमेडिकल संशोधन केंद्रांचा मोठा सरकारी निधी हवा असेल, तर वैद्यकीय महाविद्यालयाकडे या सनदेचा रौप्य दर्जा हवा. मग मात्र सगळीकडे धावपळ झाली. २०२० मध्ये ती अट काढली गेली, कागदपत्रांचा बोजा कमी करायचा म्हणून. मला ते पटलं नाही. पण आमच्याकडे तरी सवयी टिकल्या. महत्त्वाच्या बैठका दहा ते चारमध्येच होतात, म्हणजे मूल पाळणाघरातून आणायचं असेल त्याला अर्ध्यातून उठावं लागत नाही. मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न विचारतात आणि गुण आधी आपापले लिहून मग चर्चा करतात. उमेदवाराला लग्नाचं विचारायचं नाही, हे तर ठरलेलंच.

यात भलं फक्त उमेदवाराचं होतं असं नाही. कोविडात आपल्या घराघरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला, आठवतो ना? सावळ्या-काळ्या त्वचेवर तो ऑक्सिजन आहे त्याहून जास्त दाखवू शकतो, अशी शंका १९९० मध्येच एका अभ्यासात आली होती. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आकडे मांडले: रक्तातला ऑक्सिजन खरोखर घसरलेला असताना यंत्र ठीक दाखवतंय, असं कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडत होतं. मधली तीस वर्षं ते यंत्र तसंच विकलं गेलं. ज्याच्या आईचं बोट काळं आहे असा माणूस चाचणीच्या टेबलाशी बसलेला असता, तर त्याने हा प्रश्न इतकी वर्षं लांबू दिला नसता असं मला मनापासून वाटतं.

आई मधेच म्हणाली, “अगं, हुशार असला की वाट मिळतेच. कमला सोहोनींना मिळाली ना?” मिळाली, खरंय. १९३३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सने बाई म्हणून नाकारलं, तर त्या अडून बसल्या, आधी अटींवर प्रवेश मिळवला आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. केली. पण आई, तेवढा हट्ट जिच्याकडे नसेल तिने काय करायचं? संशोधन करायला बुद्धी लागते, चिकाटी लागते. दारातच धरणं धरायची ताकद कशाला लागावी?

भाचीने बराच वेळ ती चौकट रिकामीच ठेवली. लिहिलं तर अर्ज बाजूला पडेल, ही भीती काही केल्या जाईना. आरतीची वेळ झाली, सगळे उठले. रात्री जेवणं आटोपल्यावर तिने मला लॅपटॉप आणून दाखवला. चौकटीत दोनच ओळी होत्या: ‘मी श्रवणयंत्र वापरते. बोलणाऱ्यांनी कृपया चेहरा माझ्याकडे ठेवावा.’

मग केस वर बांधले आणि नेवऱ्यांचा डबा घेऊन बसली.