आमची वाटचाल : पान नंबर 63

नाशिकच्या अंबडला भाड्याच्या शेडमध्ये एक जुनं लेथ, एक मिग वेल्डिंग, लेथवाले काका आणि मी, अशी सुरुवात 2014 ला झाली. ते लेथ अजून आहे आणि त्याच्या बेडवर कोणी पाना ठेवलेला काकांना आजही चालत नाही. काम एकच, टार्गेट लिफ्टर, म्हणजे फिगर 11 (नेमबाजीच्या सरावाचं माणसाच्या आकाराचं टार्गेट) उभी करायची, गोळी लागली की पाडायची, परत उभी करायची.

पहिले 2 पीस देवळाली कॅम्पच्या रिटायर्ड सुभेदार साहेबांनी घेतले, त्यांच्या भरती अकॅडमीत एअर रायफलची रेंज होती. आठवड्यात परत आणून ठेवले, म्हणाले वाऱ्यानेच पडतंय, पोरं शिकणार काय? छऱ्याचा धक्का इतका हलका की सेन्सर नाजूक ठेवला तर वारा-पाऊस पण हिट धरतो, तीन पावसाळे गेले ते सेटिंग बसवायला, पण साहेब दरवर्षी 2 पीस नेतच राहिले.

मधली वर्षं बरी गेली.

2022 ला जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, एका ट्रेनिंग सेंटरचं 40 लिफ्टरचं बिड आलं, नाव लिहीत नाही. आम्ही भरलं, आणि अ‍ॅक्च्युएटर (फिगर वर-खाली करणारा भाग) जुन्या दरात मिळतायत म्हणून ऑर्डरच्या आधीच उचलले, ही माझी चूक. शुक्रवारी संध्याकाळी स्टेटस आलं, टेक्निकली डिसक्वालिफाइड, कारण काय तर आयपी 67 चा, म्हणजे आत धूळ-पाणी जात नाही याचा, टेस्ट रिपोर्ट जोडलेला नाही. अहो, 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं बुडवून एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबचा रिपोर्ट घेतलेला आणि तो पान 63 वर होता! त्याच दिवशी समोरच्या पार्टीच्या माणसाचा फोन, तुमच्यासारख्यांनी आमचं जॉबवर्क घ्यावं, बिडच्या भानगडीत कशाला पडता. ते वाक्य मी विसरलेलो नाही.

चॅलेंज टाकायला हातात 2 दिवस. मी रागात चार पानं लिहिली, काकांनी वाचून विचारलं, अरे यात पान नंबर कुठंय? मग 11 ओळी लिहिल्या, बिडचा क्लॉज, पान 63, रिपोर्टचा नंबर, आणि जीएफआर 2017 चा (सरकारी खर्च-खरेदीचे नियम) नियम 173, ज्यात बिड का नाकारलं हे विचारायचा हक्क दिलाय. उत्तर आलं, निर्णय कायम. मग तेच 11 ओळींचं निवेदन वरच्या साहेबांना ईमेलने आणि स्पीड पोस्टने.

नवीन पोरांना सांगतो, समोरच्याचा माल कसा खराब ते लिहू नका, आपला कागद कुठे आहे ते लिहा, आणि स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा. वकील म्हणाले घटनेच्या कलम 226 खाली हायकोर्टात जाता येईल, पण सुप्रीम कोर्टाच्या टाटा सेल्युलर केसच्या 1994 च्या निकालापासून कोर्ट निर्णय कसा घेतला ते बघतं, माल कोणाचा चांगला ते नाही. अमेरिकेत असल्या तक्रारीवर त्यांचं जीएओ (सरकारी खर्चावर नजर ठेवणारी संस्था) 100 दिवसांत निकाल देतं आणि वेळेत तक्रार केली तर सहसा तोवर काम थांबतं. आपल्याकडे तक्रार केली म्हणून बिड आपोआप थांबत नाही, रोज सकाळी पोर्टल उघडताना छातीत धडधड, प्राइस बिड उघडलं तर नसेल ना.

7 आठवडे. बँकेचं सीसी लिमिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज) संपलेलं, अ‍ॅक्च्युएटरचे खोके रॅकवर, पगार दोन महिने लेट, काकांनी तर घेतलाच नाही. सुभेदार साहेबांना कोणी सांगितलं माहीत नाही, येऊन 4 पीसचा पूर्ण अ‍ॅडव्हान्स देऊन गेले, चहा पण न घेता.

शेवटी फेरतपासणी झाली, आम्ही क्वालिफाय. एल-1, म्हणजे सगळ्यात कमी रेट, तीच फोनवाली पार्टी, पण ती एमएसईत, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांत, बसत नव्हती आणि आमचा रेट 11 टक्के वर, म्हणजे एमएसईला सवलत आहे त्या 15 टक्क्यांच्या आत, त्यामुळे त्यांचा रेट मॅच करून 25 टक्के माल आम्हाला, 40 तले 10. (सरकारच्या उद्यम पोर्टलवर मॅन्युफॅक्चरर म्हणून नोंद नीट करून घ्या, ट्रेडरला हे मिळत नाही.) नफा काहीच सुटला नाही, पण 10 च्या 10 पीस वेळेत गेले.

पान 63 कोणाला का दिसलं नाही, याचं उत्तर अजून आलेलं नाही. आता प्रत्येक बिडचा आधी प्रिंट काढतो, वर अनुक्रमणिका लावतो आणि काका स्वतः नंबरिंग मशीनने एकेका पानावर ठसा मारतात, मगच स्कॅन होतं.