आजी ड्राय बाल्कनीत का जायच्या

"मुद्दाम करतात हो सिस्टर," सूनबाई म्हणाल्या. "संडास चार पावलांवर आहे. तिथे बसवलं की किंचाळतात, उठून पळतात आणि ड्राय बाल्कनीत जाऊन फरशीवर बसतात."

डिमेन्शियाच्या घरात ही तक्रार हमखास असते. करणाऱ्याची झोप महिनोन्महिने मोडलेली असते, म्हणून मी लगेच वाद घालत नाही. हॉस्पिटल सोडल्यापासून पुण्यात घरोघरी जाऊन हेच काम करते: पेशंटला बघायचं, घरच्यांना आणि पेशंट सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्यूरोच्या मावश्यांना शिकवायचं.

आधी नेहमीचं उरकलं. लघवीची तपासणी करून घेतली, कारण म्हातारपणी इन्फेक्शनमध्ये ताप येईलच असं नसतं, कधीकधी नुसता गोंधळ वाढतो. मग पोट साफ होतंय का ते विचारलं. आत खडा अडकला की बाजूने पातळ झिरपतं, आणि घरचे जुलाब समजून भलतीच गोळी देतात. शेवटी औषधांची पिशवी उलटी केली. स्मरणशक्तीसाठी देतात त्या डोनेपेझिलने काहींना लघवीची घाई होते. मग दुसरे डॉक्टर घाई कमी करायला ऑक्सिब्युटिनिन लिहितात, जी नेमकी पहिलीच्या उलट काम करते. दोघांनी एकमेकांच्या चिठ्ठ्या वाचलेल्याच नसतात. आजींच्या पिशवीत ही जोडी नव्हती. तपासणीही स्वच्छ आली.

आजी शाळेत मुख्याध्यापिका होत्या. माहेर आणि सासर दोन्ही पेठेतल्या वाड्यांत. मी गेले तेव्हा अंगात गाऊन आणि खाली दिवसभर डायपर. नेलं की आरडाओरडा, त्यापेक्षा हे बरं, असं ब्यूरोने सुचवलेलं. मावशी त्यांना समजावत होत्या, "आजी, डायपर आहे ना, त्यातच करा." आता जिने उभ्या आयुष्यात असं केलं नाही, तिला ते सांगून जमणार कसं? आजी दाबून धरायच्या. मग येरझाऱ्या, कपडे ओढणं, मध्ये येणाऱ्याला फटका. त्याला 'अग्रेशन' म्हणून शांत करणारी गोळी सुरू झाली होती. गुंगीत डायपर जास्तच ओला, जांघेतली कातडी लालभडक. मधेच डायपर काढून फेकायच्या आणि ओला गाऊन कपाटात पैठण्यांच्या खाली सारून ठेवायच्या. नातवाचं नाव गेलं होतं, लाज शाबूत होती.

मावशींना म्हटलं, आज डायपर नको, आणि त्या नेतात तशाच नेऊ द्या, मी फक्त बघते. मावशींनी आजींना कमोडवर बसवलं आणि रीतीप्रमाणे दार लोटून बाहेर उभ्या राहिल्या. मी आतच, पडद्याआड, भिंतीला टेकून. आजी बसल्या. छान बसल्या. पदर सावरावा तसा गाऊन सावरला. आणि थोड्या वेळाने दिवा गेला.

लाइट गेली नव्हती. बाथरूमचं नव्याने काम करताना सेन्सरचा दिवा बसवला होता. हालचाल झाली की लागतो, थांबली की विझतो. शौचाला बसलेलं माणूस हलतं कुठे? त्या मिट्ट काळोखात आजींनी जी किंकाळी फोडली ती अजून कानात आहे. तुम्हीआम्ही हात हलवला असता. आजी उठल्या, अडखळल्या, मी धरलं म्हणून वाचल्या. आणि थेट ड्राय बाल्कनीत.

तिथे काय होतं? नळ, खाली बादली, बादलीत प्लास्टिकचं टमरेल, जाळीकडे उतार असलेली साधी फरशी आणि लख्ख उजेड. वाड्यातल्या मोरीत याहून निराळं काय असायचं? बाथरूममध्ये मात्र पांढऱ्या टाइल्स, पांढरा कमोड भिंतीला लटकवलेला, फ्लशची टाकी भिंतीत गडप, चकचकीत फरशी जी कोरडी असूनही ओली वाटते. बादली दिसायला वाईट म्हणून हद्दपार. ज्या घरात ऐंशीच्या पुढचं माणूस आहे तिथे असं बाथरूम काढून देणाऱ्या इंटीरियरवाल्याला एकदा चष्म्याशिवाय तिथे सोडावं, असं मला मनापासून वाटतं.

बाल्कनीतल्या ओल्याकडे बोट दाखवून आजी म्हणाल्या, "पाणी शिरलंय, सामान वर घ्या." सूनबाई पुटपुटल्या, "बघा, वर खोटं." मी विचारलं, पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला त्या वेळी आजी कुठे होत्या? 12 जुलै 1961. त्यांच्या नदीकाठच्या वाड्यात तेव्हा पाणी शिरलं होतं. सूनबाई गप्प झाल्या.

पुढचं काम सोपं आणि कंटाळवाणं. सेन्सर काढून साधा दिवा, तो रात्रंदिवस चालू. कमोडला गडद लाल सीट. बादली आणि टमरेल बाल्कनीतून बाथरूममध्ये, दार सताड उघडं. गाऊनऐवजी साडी, परकराला नाडीच्या जागी इलॅस्टिक. वही करून किती वाजता होते ते लिहायला लावलं आणि त्याच्या थोडं आधी न्यायचं, साधारण दर दोन तासांनी. सकाळच्या चहानंतर बसवायचंच, तेव्हा आतडी आपणहून हलतात. पाणी मात्र तोडायचं नाही. घट्ट लघवी मूत्राशयाला चावते आणि पोटही धरतं.

मावशींकडून सगळ्यात घोटून घेतलं ते बोलणं. "लागलीय का?" विचारायचं नाही, उत्तर नेहमी "नाही". "चला आजी, जाऊन येऊ," म्हणत हात पुढे करायचा. एका वाक्यात एकच गोष्ट. बसल्यावर समोर उभं राहून टक लावायची नाही, बाजूला, हाताच्या अंतरावर राहायचं. टमरेल त्यांच्या हातात द्यायचं. आजी त्यातलं पाणी बोटांवरून सोडत बसायच्या आणि काम व्हायचं. मावशी हुशार होत्या, पटकन शिकल्या.

दिवसा आजी बऱ्याचदा कोरड्या राहू लागल्या. रात्री डायपर लागतोच. डॉक्टरांनी शांत करणारी गोळी उतरवत आणली. सूनबाई एकदा सरळ म्हणाल्या, "म्हणजे इतके महिने आम्ही उगाच त्यांना त्यात बसवलं?" त्यांच्याखेरीज त्या घरात एकानेही आजींचा ओला कपडा उचलला नव्हता, मुलानेसुद्धा. उत्तर त्यांनी एकटीने का द्यावं? मी तसं बोलले नाही. मुलगा शेजारीच बसला होता.

मग ब्यूरोने मावशी बदलली. त्यांच्याकडे हे चालूच असतं. नव्या बाईंनी पहिल्याच दिवशी सकाळी डायपर चढवला. मी ब्यूरोला फोन केला, तर तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, डायपर बदलणं आमच्या कामात आहे. चालवत नेताना पेशंट पडला, खुब्याचं हाड मोडलं, तर जबाबदारी कोणाची?" मला राग आला, पण प्रश्न खोटा नव्हता. या वयात खुबा मोडून अंथरुणाला खिळलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. अंधारात अडखळलेल्या आजींना त्या दिवशी मीच धरलं होतं.

कमोडच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडे बसवा, म्हणून मी मागे लागले. माणूस येऊन माप घेऊन गेला. नव्या टाइल्सना भोकं पाडायला मुलगा अजून तयार नाही.