डाव्या पानावरचे ऋतू

आमच्या वेळी आठवीपासून मराठीच्या विषयाला दोन वह्या ठेवाव्या लागत. एक नेहमीची, निबंधाची आणि व्याकरणाची. दुसरीला बाई 'ऋतूंची वही' म्हणत. तिच्या डाव्या पानावर प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टींची नोंद करायची आणि उजव्या पानावर, जमलीच तर, कविता लिहायची. डाव्या पानावर दिनांक घातलेला नसेल, तर बाई उजव्या पानाकडे पाहतसुद्धा नसत. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहून द्यावे असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा स्नेहसंमेलने, सहली, मधल्या सुट्टीतली भांडणे असे पुष्कळ काही डोळ्यांपुढून गेले. पण त्याविषयी इतर माजी विद्यार्थी माझ्यापेक्षा चांगले लिहितील. नोकरी आणि संसार सांभाळून मी आजवर जी थोडीफार कविता लिहिली ती बहुतेक निसर्गाची आणि ऋतूंची आहे, आणि तिची रीत त्या डाव्या पानावरच ठरून गेली, म्हणून मी तेवढ्यापुरतेच लिहिते.

फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात बाईंनी काही शब्द चौकटीत लिहून ठेवले होते आणि ती चौकट वर्षभर पुसायची नाही अशी वर्गनायकाला ताकीद होती. रम्य, मनोहर, नयनरम्य, मंजुळ, मोहक, आणि सर्वांत खाली 'जणू'. हे शब्द ऋतूंच्या वहीत चालणार नव्हते. बाईंचा विशेषणांवर राग होता असे मात्र नाही. काळे, खरखरीत, ओले, आंबूस ही विशेषणे त्यांना हवी असत, कारण ती दुसऱ्या कोणालाही तिथे जाऊन पडताळून पाहता येतात. 'रम्य' म्हणजे काय ते कोण आणि कसे पडताळणार, असा त्यांचा प्रश्न असे. उपमेवरची बंदीही कायमची नव्हती. आधी वस्तू नीट दिसू द्या, मग ती कशासारखी आहे ते सांगा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आठवी-नववीतल्या मुलांना ही बंदी जाचक वाटे, आणि निबंधात 'नयनरम्य' लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवलेल्यांना तर ती अन्यायाचीच वाटे.

मैदानाच्या कडेला एक पळस होता. माघाच्या अखेरीस त्याची पाने झडून गेली की फुले येत, आणि त्या दिवसांत वर्गातल्या प्रत्येकाच्या वहीत तो पेटलेला, धगधगलेला किंवा वनदेवीच्या कपाळीच्या कुंकवाने माखलेला असे. बाई एके दिवशी सगळ्यांना त्याच्याखाली घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "फुले राहू द्या. कळ्या कोणी पाहिल्या आहेत का?" कळ्या काळपट होत्या. जवळून पाहिले तर त्यांचा देठाकडचा भाग, म्हणजे निदलपुंज, गडद तपकिरी आणि मखमलीसारखा लवदार होता, आणि केशरी रंग त्या काळोखातून टोकाने बाहेर येत होता. फुलांतला मध प्यायला साळुंक्या आणि सूर्यपक्षी येत होते. फुलातली एक पाकळी चोचीसारखी बाकदार असते आणि तिच्यात पुंकेसर लपलेले असतात, त्यामुळे मध पिणाऱ्याच्या डोक्याला पराग लागतो, ही माहिती विज्ञानाच्या सरांनी नंतर दिली. त्या पंधरवड्यात माझ्या उजव्या पानावर या ओळी आल्या:

फांदीवरती काळी मखमल
पान न एकहि आडोशाला;
मैना येते, चोच बुडविते,
पराग चिकटे तिज भाळाला.

बाईंनी 'काळी मखमल' याच्यापुढे बरोबरची खूण केली आणि 'तिज' या शब्दाखाली रेघ ओढली. प्रत्येक ओळीत आठ-आठ अशा सोळा मात्रा हव्या होत्या आणि दोन कमी पडत होत्या, तिथे हा शब्द येऊन बसला होता. "मात्रा भरायला शब्द बोलावला की तो पाहुण्यासारखा अवघडून बसतो," असे त्या म्हणाल्या. ओळ दुरुस्त करून मात्र त्यांनी कधीच दिली नाही. मला वाटते, छंद शिकवणाऱ्यांनी एवढा संयम पाळला पाहिजे. शिक्षकाने सुधारून दिलेली ओळ मुलाच्या वहीत राहते, कानात राहत नाही.

छंदही आम्ही ऋतूंमधूनच शिकलो. बालकवींची श्रावणावरची कविता तोंडपाठ नसलेला मराठी विद्यार्थी त्या काळी सापडला नसता, पण तिच्या एका ओळीत तीस मात्रा आहेत आणि त्या आठ, आठ, आठ, सहा अशा पडतात, हे आम्हाला बाकावर थाप मारत मारत मोजून दाखवले गेले. शेवटचा गट दोन मात्रांनी तोकडा असल्यामुळे ओळ जराशी थबकते आणि पुन्हा नव्याने धावत सुटते. ऊन आणि सर यांचा जो पाठशिवणीचा खेळ त्या कवितेत चालतो, तो अर्थात आहे तितकाच या चालीतही आहे. याच सुमारास भूगोलाच्या तासाला मान्सूनचा 'खंड' शिकवला जात होता: कमी दाबाचा पट्टा उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की तिकडे पाऊस वाढतो आणि आपल्याकडे उघडीप मिळते, आणि असे खंड ऑगस्टच्या आगेमागे, म्हणजे बहुतेक श्रावणातच, पडतात. त्या दिवशी हे दोन तास लागोपाठचे होते. १८९० साली जन्मलेल्या आणि १९१८ मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेलेल्या कवीने हवामानाचा नकाशा न पाहता जे टिपले, ते नकाशाशी जुळत होते. आषाढावर त्याला हा खेळ लिहिता आला नसता, कारण आषाढात ऊन इतक्या वेळा डोकावतच नाही.

सगळेच संकेत असे जुळत नाहीत. वसंतात गाणारी कोकिळा हा आपल्या कवितेचा फार जुना लाडका पक्षी; प्रत्यक्षात ती लांबलचक, चढत जाणारी साद घालतो तो नर, काळाकुळकुळीत आणि लाल डोळ्यांचा, आणि अंगावर पांढरे ठिपके असलेली तपकिरी मादी नुसतीच तुटक 'किक् किक्' करून कावळ्याच्या घरट्याच्या संधीची वाट पाहते. बहिणाबाईंच्या कवितेतली सुगरण आपल्या पिलांसाठी खोपा विणते. पण पावसाच्या तोंडाशी गवताची लांब पाती फाडून आणून विणकाम करतो तो नर, आणि अर्धवट विणलेला खोपा मादीला पसंत पडला तरच तो पुरा होतो. वर्गात यावरून मोठा वाद झाला. एका हुशार मुलाने तर सगळ्या कवी मंडळींना नापास करून टाकले. बाईंनी त्याला खोप्याची कविता पुन्हा वाचायला लावली आणि त्यातले किती पाहिलेले आहे ते मोजायला सांगितले: टांगलेले घर, त्याची वीण, आतली पिले, आणि अवजार म्हणून एक चोच. विणणारा कोण, हे दुरून सहज कळत नाही, कारण नर आणि मादी या दोघांचीही घरट्यावर ये-जा असते. घर मात्र जसेच्या तसे उतरले आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या, शेतात आणि जात्यावर ओव्या रचणाऱ्या बाईने ते पाहिले होते, आणि कविता त्या पाहण्यावर उभी आहे. कोकिळेचे तसे नाही. तिथे बहुतेक वेळा कोणी काही पाहिलेलेच नसते. आधीच्या कवितेतून ती नव्या कवितेत उडून आलेली असते.

चातकाबद्दल माझे मत पुढे बदलत गेले. पावसाच्या थेंबांखेरीज दुसरे पाणी न पिणारा पक्षी ही कल्पना मला शाळेत अगदीच भाबडी वाटायची. मग कळले की डोक्यावर तुरा असलेला हा काळा-पांढरा पक्षी खरोखरच पावसाळ्याच्या आगेमागे आपल्याकडे दिसू लागतो, त्यांतले कित्येक आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांच्या संगतीने समुद्र ओलांडून येतात, आणि येथे आल्यावर त्यांचे पोट भरते ते सुरवंटांवर. पाण्याची गोष्ट कल्पित असली तरी आगमनाची वेळ कोणीतरी वर्षानुवर्षे बारकाईने पाहिली होती. त्यामुळे जुना संकेत दिसला की तो लगेच उचलायचा नाही आणि लगेच टाकायचाही नाही. त्याच्या पोटात एखादी जुनी नोंद आहे का ते पाहायचे, ही सवय मला लागली.

शिशिराच्या बाबतीत मात्र मी अजूनही कडक आहे. पानगळ म्हणजे वार्धक्य, पानगळ म्हणजे मरण, ही कविता आपल्याकडे इतकी लिहिली गेली आहे की तिच्यात आपले झाड दिसेनासे झाले. थंड प्रदेशांत झाडे पाने टाकतात ती कडक हिवाळा निभावण्यासाठी आणि नंतर महिनोन्‌महिने निजून राहतात. आपल्या शुष्क पानझडी रानात पाने गळतात ती मुख्यतः पाणी वाचवण्यासाठी, आणि उघड्या झालेल्या त्याच फांद्यांवर पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. पाने नसल्यामुळे फुले पाखरांना लांबून दिसतात. पानगळ आणि बहर एकाच झाडावर, एकाच पंधरवड्यात. चैत्राच्या सुमारास पिंपळाला येणारी कोवळी पाने तर हिरवीही नसतात. तांबूस, पातळ, आरपार उजेड जाऊ देणारी असतात. हे ज्याने डाव्या पानावर लिहिले, त्याला उजव्या पानावर 'शिशिराची प्रेतकळा' लिहिण्याचा धीर होत नाही.

पुस्तकातल्या सहा ऋतूंचीही अशीच तपासणी झाली. वर्षा म्हणजे श्रावण आणि भाद्रपद असे आम्ही पाठ केले होते, पण आमच्या वहीत पहिल्या पावसाच्या नोंदी जूनमधल्या, मृगाच्या, म्हणजे ज्येष्ठाच्या किंवा आषाढाच्या सुरुवातीच्या असत. चांद्र महिने सौर वर्षापेक्षा मागे पडत जातात आणि सुमारे बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी अधिक मास धरून ते पुन्हा जागेवर आणले जातात; सूर्याची नक्षत्रे तशी सरकत नाहीत, म्हणून मृग ७-८ जूनच्या सुमारासच लागते. पेरणी करणारा माणूस नक्षत्र पाहतो आणि कवी महिना पाहतो, असे बाई थट्टेने म्हणत. कालिदासाच्या नावावर असलेले 'ऋतुसंहार' ग्रीष्मापासून सुरू होऊन वसंतापाशी संपते, हे त्यांनी सांगितले तेव्हा आम्हाला नवल वाटले, कारण आमच्या लेखी वर्षाची सुरुवात वसंतानेच व्हायला हवी होती. त्या कवीने आधी उन्हाळ्याच्या झळा दिल्या, म्हणून पुढच्या सर्गातला पाऊस वाचणाऱ्याच्या अंगावर येतो. ऋतूंचा क्रम हाही रचनेचा भाग असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजले.

महाविद्यालयात गेल्यावर काही दिवस हायकूचे वेड होते. शिरीष पै यांनी हा जपानी प्रकार मराठीत आणला आणि रुजवला. हायकूत ऋतू सुचवणारा एखादा शब्द असावा हा मूळचा दंडक मला ओळखीचा वाटला, कारण तो आमच्या दिनांकाचाच भाऊबंद होता. पण तीन ओळींत मला फार लवकर समाधान मिळू लागले आणि मी तो नाद सोडला. त्यापेक्षा दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र'चा उपयोग मला कितीतरी अधिक झाला. ते गद्य आहे आणि चैत्रापासून महिन्यामहिन्याने चालते. ऋतूंची कविता लिहू पाहणाऱ्या मुलांना मी आजही आधी ते वाचायला सांगते. पुष्कळशा निसर्गकवितांपेक्षा त्यात झाडे जास्त आहेत.

अलीकडे माझी अडचण शरदाने केली आहे. संस्कृत कवींपासून शरद म्हणजे निरभ्र आकाश, निवळलेले पाणी आणि स्वच्छ चांदणे. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० साली मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. माझ्या स्वतःच्या नोंदींत कोजागरीच्या रात्री चंद्र ढगाआड असल्याचे आता वरचेवर येते. आश्विनावर गेली दोन वर्षे जी दीर्घ कविता मी लिहीत आहे, तिच्यात त्यामुळे विजा आणि गडगडाट शिरला आणि तो काढावा की ठेवावा, हे मला ठरवता येत नव्हते. कवितेचे काही भाग ऐकून एका स्नेह्यांनी, हा शरद नव्हेच, असा निकालही दिला.

मग जुन्या नोंदी चाळताना हस्त नक्षत्र सापडले. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या दहा-अकरा तारखेपर्यंत सूर्य हस्तात असतो, आणि त्याचा पाऊस गर्जत, कडाडत येतो म्हणून शेतकरी त्याला हत्तीचा पाऊस म्हणत आले आहेत. पोथीतल्या शरदात चांदणे होते त्याच दिवसांत शिवारात हत्ती गरजत होता. दोन्ही नोंदी आपल्याकडेच होत्या, फक्त कवितेने त्यांतली एकच वाचली होती. परतीचा पाऊस आता लांबतो आहे हे खरे, आणि ते कवितेत यायला हवे. पण गडगडाट तिथे परका नाही. कवितेचा तिसरा भाग मी त्याप्रमाणे पुन्हा लिहायला घेतला आहे. त्यात चंद्र आहे, पण तो पहाटे तीननंतर, ढग सरकल्यावर येतो, आणि त्या कडव्यांना आठ-आठ-आठ-सहाची चाल बसत नाही, म्हणून सध्या मी ती मुक्तछंदात ठेवली आहेत.