कोरफडीचं बाळंतपण

आज सकाळपासून हॉलमधल्या कोरफडीचं बाळंतपण चाललंय 😄 कुंडी उपडी करून पिल्लं सोडवली, मुळं सांभाळत हळूहळू, आणि पेपरवर पसरून ठेवलीत, दोन-तीन दिवस जखम सुकू द्यायची मगच लावायची नाहीतर सडतात. आपली इंदूरची काळी माती यांना नुसती अजिबात नको, पाणी धरून बसते, निम्मी तरी जाड रेती पाहिजेच. शेजारच्या काकू लगेच, "रोज पाणी घालतेस ना गं?" अहो काकू, माती बोटभर खोल कोरडी झाल्याशिवाय थेंबही नाही!! एक पान तुटलं त्यातून पिवळा कडू चीक ओघळतोय, केसांना गर लावणाऱ्यांनी तो आधी नीट निथळू द्या, काहींना खाज सुटते. पिल्लं जास्तीची आहेत, राजवाड्याकडे राहणाऱ्यांनी येऊन घेऊन जा.